एमबीबीएस की बीडीएस: पसंतीक्रम भरण्याआधी

जून उजाडतो, नीट या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो, आणि ज्यांचे दात दुखत नाहीत अशी माणसंही माझ्या दवाखान्यात येऊ लागतात. कधी बाप-लेक, कधी माय-लेक. मार्कांचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवलेला असतो. तो टेबलावर उलगडून वडील हळूच विचारतात, "मॅडम, मेडिकलला नंबर लागेलसं वाटत नाही. डेंटलला टाकू का?"

त्या 'टाकू का'मध्ये सगळं येतं. मेडिकलला नंबर लागतो आणि डेंटलला पोराला टाकतात. मी स्वतः बीडीएस, म्हणजे दंतवैद्य आहे, तालुक्याच्या गावी गेली सतरा वर्षं दवाखाना चालवते. माझी थोरली बहीण एमबीबीएस करून पुढे मेडिसिनमध्ये एमडी झाली. दोन्ही वाटा मी एकाच घरात राहून पाहिल्या आहेत: दोघींची पुस्तकं, दोघींच्या परीक्षा, दोघींचं थकणं. त्यामुळे मला मनापासून वाटतं, की बीडीएस म्हणजे हुकलेलं एमबीबीएस नव्हे. ते निराळं काम आहे. ते काम आवडेल का आणि झेपेल का हे पाहून निवडलं तर माणूस सुखात राहतो. 'काहीतरी डॉक्टरकीचं' म्हणून घेतलं तर तिसऱ्या वर्षापासून कुढायला लागतो. हाच नियम एमबीबीएसलाही लागू आहे, पण तिकडे तो कुणी बोलून दाखवत नाही.

परीक्षा एकच, यादीही एकच

एमबीबीएस आणि बीडीएससाठी वेगवेगळ्या परीक्षा नाहीत. नीट एकच आहे: १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. २०२५ साली देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. हा 'पात्र' शब्द घरोघरी फसवतो. पेढे वाटले जातात, आणि आठ दिवसांनी कळतं की पात्र म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास आहेत, बीडीएसच्या २७-२८ हजार. त्यातही सरकारी फीमध्ये शिकता येईल अशा जागा आणखी कमी.

दुसरी फसगत मार्कांची होते. शेजारच्या मुलाला मागच्या वर्षी अमुक मार्कांवर सरकारी कॉलेज मिळालं, म्हणजे आपल्यालाही मिळेल, असा हिशेब मांडला जातो. २०२४ साली सुधारित निकालात १७ मुलांना पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. पेपर अवघड गेला की सगळी शिडीच खाली सरकते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा २०२४ला १६२ गुणांवर होती, ती २०२५ला १४४वर आली. म्हणून मागच्या वर्षीचे मार्क पाहण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजला, कुठल्या प्रवर्गात, कितव्या रँकवर शेवटचा प्रवेश झाला ते पाहा. राज्याच्या गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक किती, हा एक आकडा मार्कांपेक्षा कितीतरी खरं बोलतो.

आता पसंतीक्रमाचं. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत एमबीबीएस आणि बीडीएस दोन्ही 'ग्रुप ए'मध्ये येतात. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी 'ग्रुप बी'मध्ये, फिजिओथेरपी वगैरे 'ग्रुप सी'मध्ये. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवरच्या प्रक्रियेतून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. 'ग्रुप ए'चा फॉर्म भरताना मेडिकल आणि डेंटल कॉलेजं एकाच यादीत, तुम्ही ठरवाल त्या क्रमानं लावायची असतात. संगणक वरून खाली वाचत येतो, आणि तुमच्या रँकवर जी पहिली जागा मोकळी दिसेल तिथे थांबतो. त्याखाली काय लिहिलंय ते तो वाचतच नाही. म्हणजे खरी निवड या यादीच्या ओळीओळीत होते. 'एमबीबीएस चांगलं की बीडीएस चांगलं' असा मोघम प्रश्न प्रत्यक्षात कुणापुढेच येत नाही. समोर असतं ते असं: मुंबईचं सरकारी डेंटल वर लिहू की तीन जिल्हे पलीकडचं खासगी मेडिकल? नागपूरचं सरकारी डेंटल की आणखी एक वर्ष लातूरला क्लास लावून पुन्हा नीट?

आणि एक, घाईत राहून जातं ते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते, पण पुढच्या फेऱ्यांत सोडली तर अनामत रक्कम जाते, आणि एका टप्प्यानंतर सोडताच येत नाही. 'घेऊन ठेवू, नंतर बघू' हे म्हणण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

दातांसाठी वेगळं कॉलेज कशाला?

एका आजोबांची कवळी बसवत होते तेव्हा सोबत आलेल्या नातवानं मला हा प्रश्न विचारला होता. डोळ्यांचा डॉक्टर आधी एमबीबीएस होतो, कानाचा होतो, मग दातांचाच का नाही?

याचं उत्तर इतिहासात आहे. दात काढणं हे शतकानुशतकं वैद्यांचं किंवा सर्जनचं काम फारसं मानलं गेलं नव्हतं, ते बहुधा कारागिरांचं काम होतं. आपल्याकडे आठवडी बाजारात चादर पसरून दात बसवून देणारी माणसं अजूनही दिसतात. १८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस या दोघांनी दंतवैद्यकाचं जगातलं पहिलं स्वतंत्र कॉलेज काढलं. मेडिकल कॉलेजच्या आत नव्हे, बाहेर. तेव्हा फुटलेली ही वाट पुन्हा कधी मुख्य रस्त्याला मिळाली नाही. भारतात ती आणली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेत दंतवैद्यक शिकून ते परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू केलं. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आम्ही दंतवैद्य आजही पाळतो. पुढे १९४८ साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, वेगळी परिषद झाली, आणि दोन वाटा कायमच्या दोन झाल्या.

याचा आजचा परिणाम असा, की एकीकडून दुसरीकडे जायला मधली दारं नाहीत. बीडीएस पूर्ण करून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. मन बदललं तर पुन्हा नीट आणि पुन्हा पहिलं वर्ष. 'आधी डेंटल करू, मग बघू' असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे दोनदा सांगते.

आत गेल्यावर काय असतं

पहिलं वर्ष बरंचसं सारखं दिसतं. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन दोन्हीकडे आहे, डिसेक्शन हॉलमधला फॉर्मॅलिनचा वासही दोन्हीकडे तोच. पण माझी बहीण त्या वर्षी रात्र-रात्र हाडं आणि नसा पाठ करत होती, आणि मी दुपारभर मेणाची वडी कोरत बसले होते. बीडीएसच्या पहिल्याच वर्षी दात कोरायचे असतात. हातात लेक्रॉन नावाचं छोटं पातं, समोर मेणाचा ठोकळा, आणि त्यातून मिलिमीटर मोजून पटाशीचा दात, सुळा, दाढ काढायची. माझी पहिली दाढ सरांनी हातात घेतली, फिरवली, आणि परत ठोकळ्यांच्या ढिगात टाकली. अशा किती गेल्या ते आठवत नाही. पण एका दिवशी हाताला कळतं की उंचवटा कुठे संपतो आणि खाच कुठे सुरू होते. ज्या मुलांना त्या दुपारी कंटाळा यायचा नाही, ती पुढे उत्तम दंतवैद्य झाली. ज्यांना ती शिक्षा वाटायची त्यांनी पुढे बरेच हाल सोसले, मग मार्क कितीही असोत.

दुसऱ्या वर्षी फँटम हेड येतं, म्हणजे माणसाच्या डोक्याचा पुतळा, ज्याच्या तोंडात हात घालून सराव करायचा. त्यासाठी खरे दात लागतात. मग मुलं बरणी घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत काढलेले दात मागत फिरतात. मीही फिरले आहे. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिन आणि सर्जरी शिकवतात, पण ओळख होण्यापुरतं. चौथं वर्ष सर्वांत जड: एका वर्षात आठ विषय, आणि प्रत्येक विभागाचा कोटा. इतके दात काढले पाहिजेत, इतके भरले पाहिजेत, इतक्या कवळ्या झाल्या पाहिजेत. कोटा पुरा करायला पेशंट मिळेनात म्हणून मुलं मावशीला, रिक्षावाल्या काकांना, मेसच्या मावशींच्या नवऱ्याला खुर्चीत आणून बसवतात. मग एक वर्ष इंटर्नशिप. ४ अधिक १, एकूण ५ वर्षं.

एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. तिथे हात नंतर येतात, आधी वाचन, मग वॉर्ड. रोगनिदानशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, न्यायवैद्यक, सामाजिक आरोग्य, डोळे, कान-नाक-घसा, आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग. व्याप्ती अफाट आहे. नवजात बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत, सर्पदंशापासून प्रसूतीपर्यंत. अंतिम वर्षात असताना ताई सुट्टीत घरी आली की पुस्तकाऐवजी पेशंटबद्दल बोलायची. ती एकदा म्हणाली, "अर्धी माहिती हातात असताना पूर्ण निर्णय घ्यावा लागतो, हेच मेडिसिन." मला ते वाक्य फार खरं वाटतं. तिच्या कामात शंका सतत सोबत असते. ताप आहे, पण कशाचा? माझ्याकडे एक्स-रे लावला की कीड कुठवर गेलीय हे बहुतेक वेळा समोर दिसतं. अवघड असतं ते त्यानंतरचं, हातांचं.

हातगुण

आपल्याकडे म्हणतात, अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. दंतवैद्यकात हा शब्द अक्षरशः खरा होतो. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं ड्रिल, मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतो. तो धरून, छोट्या आरशात उलटं दिसणारं पाहत, जीभ आणि गाल बाजूला ठेवत, वरच्या शेवटच्या दाढेत खड्डा करायचा. रूट कॅनालच्या बारीक, सुईसारख्या फाइलचं टोक ०.१५ मिलिमीटरचं असतं. ते वाकड्या मुळात शेवटपर्यंत न्यायचं, पण मुळाबाहेर जाऊ द्यायचं नाही. पेशंट जागा असतो, घाबरलेला असतो, मध्येच खोकतो. बारीक कामात जीव रमणाऱ्यांसाठी याच्यासारखं समाधान नाही. रडत आलेला माणूस अर्ध्या तासात उठून म्हणतो, "थांबलं." माझ्या बहिणीच्या मधुमेहाच्या पेशंटला असं म्हणायची संधी क्वचित मिळते, त्याचा आजार तर आयुष्यभराचा.

किंमतही आहे. मान आणि कंबर. वर्षानुवर्षं एका बाजूला वाकून काम केलं की ती बोलायला लागतात, आणि माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांची बोलू लागली आहेत. शिवाय काम तेच ते असतं: तोंड, तोंड आणि तोंड. ज्याला संपूर्ण माणूस तपासायचा आहे, हृदयाचे ठोके ऐकायचे आहेत, त्याला हे जग लवकर लहान वाटायला लागतं. असा मुलगा समोर आला की मी त्याला डेंटल सुचवत नाही.

रात्रीचं जागरण मात्र आमच्याकडे कमी. हनुवटीखाली सूज पसरत श्वासाला अडथळा करू लागली किंवा अपघातात जबडा मोडला तर रात्रही जागावी लागते, पण ते रोजचं नाही. एमडी, एमएस करणारे निवासी डॉक्टर सलग चोवीस, कधी छत्तीस तास उभे असतात. त्यांची मार्ड ही संघटना ज्या मागण्यांसाठी संपावर जाते त्यांत ड्युटीचे तास आणि सुरक्षितता नेहमी असतात. निवासी असतानाच्या तीन वर्षांत ताई घरातल्या दोन लग्नांना येऊ शकली नाही.

आता त्या 'खऱ्या डॉक्टर'बद्दल. लोक म्हणतात, दाताचा डॉक्टर काय जीव वाचवतो? आमच्या भागात बायका मशेरी लावतात, पुरुष तंबाखू-चुना मळतात, पोरं मावा आणि गुटखा खातात. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. माझ्याकडे माणूस येतो तो दाढ दुखते म्हणून. मी म्हणते, तोंड उघडा. उघडत नाही. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत, त्याची दीड जातात. गालाच्या आतली कातडी पांढरी, दोरीसारखी कडक झालेली असते. कधी जिभेच्या कडेला पांढरा चट्टा असतो, कधी महिनाभर न भरलेली जखम. दुखत नसतं म्हणून तो कुणालाच दाखवत नाही. कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी पहिल्यांदा दिसते ती पुष्कळदा दाताच्या खुर्चीत. त्या पाच मिनिटांत नीट पाहणं आणि त्याला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात धाडणं हे माझं काम आहे, आणि ते मी जपून करते. ज्याला तोंडाच्या आणि जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया करायच्या आहेत त्याच्यासाठी बीडीएसनंतर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीचं एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण आहे. दुचाकीच्या अपघातात मोडलेले चेहरे उभे करणारे ते हेच सर्जन.

वर्षं मोजू या

अठराव्या वर्षी प्रवेश धरला तर बीडीएसवाला तेविसाव्या वर्षी हातात नोंदणी घेऊन उभा राहतो. हवं तर तो दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडू शकतो. एमडीएसला आणखी तीन वर्षं.

एमबीबीएसवाला साडेतेवीसचा होतो. सरकारी कॉलेजमधून शिकला असेल तर महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड, म्हणजे लेखी हमी. मग नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. कुणाला पहिल्या झटक्यात मिळते, कुणाला दोन वर्षं लागतात. मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस. म्हणजे अठ्ठावीस, तीस. हृदय किंवा मेंदूचा डॉक्टर व्हायचं तर पुढे आणखी तीन. ताईची पहिली स्वतःची खोली, स्वतःच्या नावाची पाटी, एकतिसाव्या वर्षी लागली. माझी पंचविसाव्या.

पण उलट बाजूही मांडायला हवी. एमबीबीएसनंतर पुढे शिकायची वाट रुंद आहे. देशात पदव्युत्तर जागा सत्तर हजारांवर गेल्या आहेत. एमडीएसच्या सहा-सात हजार, म्हणजे चार बीडीएसमागे साधारण एक, आणि त्यातल्या बऱ्याच खासगी, महाग. शिवाय नुसत्या एमबीबीएसला काम सहज मिळतं: प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, खासगी रुग्णालयात आयसीयूची ड्युटी. दंतवैद्याची सरकारी पदं ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयांत असतात, पण मोजकी. लष्कराचं डेंटल कोअर आहे, तिथेही जागा थोड्या. नवा बीडीएस बहुधा कुणाच्या तरी दवाखान्यात सहायक म्हणून लागतो, आणि सुरुवातीचा पगार इतका कमी असतो की घरी सांगायला संकोच वाटतो. ही दोन-तीन वर्षं मन खचवणारी असतात. मी त्यातून गेले आहे. ज्या दवाखान्यात मी लागले होते तिथे सहा महिने मला फक्त सक्शन, म्हणजे तोंडातली थुंकी-पाणी ओढणारी नळी, धरायला दिली.

फी, कर्ज आणि गाळा

इथे मला पालकांशी थोडं कडक बोलावं लागतं. सरकारी कॉलेज असेल, मग ते मेडिकल असो वा डेंटल, फी आवाक्यात असते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर डेंटल आहे, आणि गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज. या ठिकाणी पेशंटची गर्दी इतकी की कोट्याची चिंता नसते. माझ्या मते यांतली जागा मिळत असेल तर ती कमी लेखू नका.

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, पण कॉलेजागणिक ती खूप बदलते. अभिमत विद्यापीठांची गोष्ट आणखी वेगळी, तिथे एमबीबीएसची फी वर्षाला वीस लाखांच्या वरही जाते. एक साधं उदाहरण धरू. खासगी एमबीबीएसची फी वर्षाला १२ लाख असेल, तर साडेचार वर्षांचे ५४ लाख, वसतिगृह वेगळं. खासगी बीडीएस वर्षाला ३ लाख धरलं तर चार वर्षांचे १२ लाख. आता त्या ५४तले ४० लाख कर्ज काढले, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं. महिन्याचा हप्ता जवळपास ५३ हजार येतो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. हा हप्ता सुरू होईल तेव्हा मुलगी पीजीच्या अभ्यासाला घरी बसलेली असेल, की हप्त्यासाठी रात्रपाळ्या करत असेल? एकीकडे कर्ज, दुसरीकडे पीजीची तयारी, यात अडकलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. शेत विकून प्रवेश घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. आणि घरात मुलगी असेल, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना २०२४पासून राज्यानं दिलेली शुल्कमाफी लागू होते का हे आधी विचारा.

बीडीएसचा खर्च मात्र कॉलेजात संपत नाही, तो बाहेर आल्यावर सुरू होतो. गाळ्याचं डिपॉझिट, डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, एक्स-रे. साधी भारतीय बनावटीची चेअरसुद्धा लाख-दोन लाखांची, आणि सगळं मिळून बरेच लाख. डॉक्टर टेबल-खुर्ची आणि स्टेथोस्कोपवर सुरुवात करू शकतो, दंतवैद्य करू शकत नाही. त्यातच आपल्याकडे आरोग्यविमा बहुधा दातांच्या नेहमीच्या उपचारांना पैसे देत नाही. सगळं पेशंटच्या खिशातून. म्हणून लोक पुढे ढकलतात, 'सोयाबीन निघालं की येतो' म्हणतात, आणि येतात तेव्हा भरायची दाढ काढायची झालेली असते. दंतवैद्याला थोडं व्यापारी व्हावं लागतं: भाडं, मटेरियलचा साठा, लॅबचं बिल, सहायकाचा पगार. ज्याला हे नको आहे, ज्याला पगारावर शांतपणे काम करायचं आहे, त्यानं हे आधीच ओळखलेलं बरं.

गर्दीचंही खरं आहे. पुण्या-मुंबईत एकेका गल्लीत तीन पाट्या दिसतात. २०२१ साली तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बीडीएसची पात्रता १० पर्सेंटाइलनं खाली आणावी लागली, कारण हजारो जागा रिकाम्या राहिल्या होत्या. पण त्याच राज्यात असे तालुके आहेत जिथे रूट कॅनाल करायला माणूस पन्नास किलोमीटर एसटीनं जातो. मी गावी आले तेव्हा घरच्यांना ते आवडलं नव्हतं. आज माझ्याकडे महिन्यातून दोनदा तारा बसवणारे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात, अक्कलदाढेच्या अवघड केसेसना सर्जन येतात. एमडीएस झालेले असे पाच-सहा दवाखाने फिरून काम करतात, स्वतःचा गाळा न घेता. ही वाट कॉलेजात कुणी सांगत नाही.

परदेश, रिपीट आणि शेवटी दोन दिवस

अमेरिकेला जायचं मनात असेल तर एक फरक लक्षात ठेवा. एमबीबीएसवाला तिथल्या परीक्षा देऊन रेसिडेन्सीत शिरला की त्याला पगार मिळतो. बीडीएसवाल्याला बहुतेक राज्यांत तिथल्या डेंटल कॉलेजात आणखी दोन-तीन वर्षं, स्वतःची भरभक्कम फी भरून शिकावं लागतं. होतं, अनेक मराठी मुलींनी केलंय, पण पैशाचं गणित वेगळं.

परदेशात जाऊन एमबीबीएस करण्याबद्दलही विचारतात. परत आल्यावर जी परीक्षा द्यावी लागते तिच्या बहुतेक सत्रांत बसलेल्यांपैकी तिसरा हिस्साही पास होत नाही. केवळ 'डेंटल नको' म्हणून सहा वर्षं आणि घरचे पैसे तिकडे लावू नका.

रिपीट करावं का? मुलाचे मार्क कशामुळे गेले ते पाहा. फिजिक्स कच्चं राहिलं, आजारपण आलं, पेपरला घाबरला, तर एक वर्ष देणं योग्य. दोनदा मन लावून बसूनही रँक फारशी हललेली नसेल तर तिसरं वर्ष लातूरच्या वसतिगृहात काढायला लावू नका. त्या खोल्यांतली शांतता मी पाहिली आहे.

आलेल्या प्रत्येकाला मी एकच काम देते. पसंतीक्रमाचा फॉर्म उघडण्याआधी एक दिवस माझ्या दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, आणि एक दिवस ताईच्या ओपीडीत. मोबाइल बाहेर. पेशंटची परवानगी घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि नुसतं पाहायचं. गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे दुपारपर्यंत बसली, मग उठून म्हणाली, "मॅडम, मला ड्रिलचा आवाज सहन होत नाही." तिनं रिपीट केलं. त्याच आठवड्यात आलेला एक मुलगा मात्र पाणी प्यायलाही उठला नाही. ताईकडे तो अकरा वाजताच कंटाळला होता. त्यानं यादीत तीन सरकारी डेंटल कॉलेजं खासगी मेडिकलच्या वर लिहिली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत तो दवाखान्यात आला. हातात लोणच्याची रिकामी बरणी, झाकणाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं. दुसऱ्या वर्षी लागतील म्हणून आतापासून काढलेले दात गोळा करायला निघाला होता. "खालच्या दाढा असतील तर जास्त द्या," तो म्हणाला, "त्या लवकर तुटतात."